दोन रिंगा, पुन्हा दोन

केडगावात पुणे रस्त्याच्या आतल्या अंगाला कडूबाईंच्या माडीवर जयमालाची खोली होती आणि त्या खोलीत फोन होता. आळीत तेव्हा फोन हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे. भाडेकरणीच्या खोलीत फोन आला म्हटल्यावर कडूबाईंना आधी कौतुक वाटलं आणि मग संशय आला. कारण ही बाई फोनवर बोलताना कधी ऐकू येत नसे. तिन्हीसांजेला तो वाजायचा, मधेच थांबायचा, पुन्हा वाजायचा, पुन्हा थांबायचा, आणि ती घरात असूनही उचलायची नाही. कडूबाईंनी एकदा तिला जिन्यातच गाठून विचारलं होतं, की बाई, मुका तुमचा फोन आहे की तुम्ही? जयमाला हसली होती. ऑफिसचा आहे, म्हणाली होती.

ऑफिसचा होता हे खरंच. अवेळी बोलावणं आलं तर असावा म्हणून दिलेला. त्यावरून बाहेर फोन लावता येत नसे, आणि आलेल्या फोनवर घरचं काही बोलायचं नाही असा हुकूम होता. बोललेलं कॅम्पातल्या टेलिफोन बोर्डावर कुणीतरी ऐकत असे. पण वाजून थांबणाऱ्या फोनवर कुठलाच हुकूम नव्हता. जे बोललंच गेलं नाही ते ऐकणार कोण आणि कागदावर घेणार कोण?

दोन रिंगा वाजून बंद. जरा थांबून पुन्हा दोन रिंगा, बंद. म्हणजे मित्रा बरी आहे, जेवली आहे, आज काही पडली-धडपडली नाही. न थांबता वाजतच राहिला तर मात्र हुकूम गेला खड्ड्यात, उचलायचा. तसा तो अजून एकदाही वाजला नव्हता.

मित्रा म्हणजे संघमित्रा, जयमालाची दीड वर्षाची लेक. ती बेलवाडीला आजीपाशी राहायची. देवळाली प्रवरेच्या पुढे उसाच्या पट्ट्यात हे गाव. मित्राचे वडील महेंद्र महार रेजिमेंटमध्ये, सरहद्दीवर कुठेतरी. त्याच्या पत्रात जागेचं नाव नसे, हिच्या पत्रात कामाचं नसे. दोघं एकमेकांना हवापाणी तेवढं कळवत. 'इकडे थंडी फार आहे.' 'इकडेही यंदा बरीच आहे.' ते अठ्ठ्याण्णव साल होतं, आणि थंडी खरंच होती.

लेकीला केडगावात आणावं तर जयमालाच्या कामाला वेळकाळ नव्हता, आणि सासूने येऊन राहावं तर सासरे सोपानराव अर्धांगाने अंथरुणाला खिळलेले. तेव्हा लेक तिकडे आणि आई इकडे, रविवारी एसटीने जाऊन भेटायचं, असं ठरलं. ठरवताना सगळ्यांना ते सोपं वाटलं होतं.

सासूचं नाव भामाबाई. जयमाला तिला आत्या म्हणे. दिवेलागणीला भामाबाई नातीला कडेवर घेऊन श्रीमंतच्या पिठाच्या गिरणीत जायची. गावातल्या मोजक्या फोनांतला एक तिथे होता, पिठाने पांढरा झालेला, वर फडकं टाकलेला. श्रीमंत तिला रोज तेच म्हणायचा, "भामाकाकू, येकदा तरी बोल की सुनंशी. मी काय पैसं मागतुय व्हय?" आणि भामाबाईही रोज तेच म्हणायची, "बोललं की रडाया येतं, बाबा. वाजलं म्हंजी झालं."

नंबर श्रीमंत फिरवायचा. पलीकडे दुसरी रिंग वाजली की भामाबाई नातीच्या कानात म्हणायची, 'दाब,' आणि मित्रा आपल्या चिमुकल्या हाताने रिसीव्हरखालचं बटण दाबून फोन तोडायची. हे तिचं काम होतं. दुसऱ्या कुणी दाबलेलं तिला खपायचं नाही, भोकाड पसरायची. जयमालाने हा सोहळा एका रविवारी डोळ्यांनी पाहिला होता, आणि तेव्हापासून इकडे रिंग तुटली की तिला ते पिठाने माखलेलं बोट दिसायचं.

आता जयमालाचं काम.

नगरच्या लोकांना लष्कर नवं नाही. माळावर रणगाडे धडधडले की बाया हातातलं काम सोडत नाहीत, फार तर म्हणतात, आज सराव आहे वाटतं. पण भिंगारच्या पलीकडे, कॅम्पाच्या अगदी कडेला, तारेच्या कुंपणातल्या पत्र्याच्या शेडमधून कधी आवाज येत नसे. बाहेर पाटी गाड्यांच्या सुट्या भागांची होती. जयमाला तिथे याद्या टाइप करते, असं तिच्या माहेरचे, सासरचे आणि कडूबाई समजत. आत कॉम्प्युटर होते, आणि भिंतीशी एक अख्खं टेलिफोन एक्स्चेंज उभं केलेलं होतं. खेड्यापाड्यांतून बसवतात तसलं, कपाटाएवढं. सीमेपलीकडेही साधारण याच जातीची एक्स्चेंजेस होती, असं मेजर थापर सांगत.

मेजर थापर या कामाचे प्रमुख. त्यांचं म्हणणं असं, की पुढच्या लढाईत पहिली गोळी सुटायच्या आधी पलीकडचा माणूस बहिरा झाला पाहिजे. त्यासाठी एक प्रोग्राम हवा. तो एक्स्चेंजच्या पोटात शिरून बसेल, महिनोन्‌महिने झोपून राहील आणि सांगितल्यावरच जागा होईल. इंजिनियरिंग करून नोकरीला लागलेल्या जयमालाकडे हे काम आलं तेव्हा ती पोटुशी होती, आणि मित्रा रांगायला लागली तोवर प्रोग्राम उभा राहिला होता. शेडमधले गोरखनाना म्हणायचे, "बाई, तुम्हाला दोन्ही लेकरं एकदमच झाली की." गोरखनाना म्हणजे गोरक्षनाथ, सोनईचे, तारांचं आणि यंत्रांचं सगळं तेच पाहत. त्यांच्या विनोदावर मेजर कधी हसत नसत, कारण त्यांना मराठी विनोद कळेपर्यंत नाना दुसऱ्या कामाला लागलेले असत.

प्रोग्रामची खरी करामत जयमालाच्या डोक्यातून निघाली होती. एक्स्चेंज बंद पाडलं तर अर्ध्या तासात बोंब होते, माणूस येतो, दुरुस्त करतो. म्हणून ते बंद पाडायचंच नाही. फोन लावणाऱ्याला पलीकडे रिंग जातेय असं ऐकू यावं. फक्त पलीकडे घंटा वाजू नये. मग कुणी तक्रार करणार नाही. प्रत्येक जण म्हणेल, उचलत नाहीत. घरात नसतील. रागावले असतील. मेजरनी हे ऐकलं तेव्हा ते खुर्चीतून उठून उभे राहिले होते. जयमालालाही त्या दिवशी बरं वाटलं होतं. हुशारीचं कौतुक कुणाला नको असतं?

मग प्रश्न आला खुणेचा. झोपलेल्या प्रोग्रामला जागं कशाने करायचं? मेजर म्हणाले, खूण अशी हवी की आपला एखादा माणूस तिथल्या कुठल्याही साध्या फोनवरून ती करू शकेल. हातात यंत्र नको, तोंडात शब्द नको. आणि योगायोगाने ती कुणाच्या हातून होता कामा नये. जयमालाने पेन हातात घेतलं आणि जवळजवळ लगेच लिहिलं, की एकाच नंबरावर दोन रिंगा देऊन तोडायचं, मिनिटाच्या आत पुन्हा दोन देऊन तोडायचं. मेजरनी ते वाचलं, मान डोलावली. असं कोण कशाला करेल, म्हणाले.

तिला त्या क्षणी घर आठवलं नाही. हे पुढे कुणाला खरं वाटलं नसतं, पण खरं होतं. नाकातली चमकी स्वतःला कधी दिसते का? रोज ज्याची वाट पाहायची ते हाताशीच असतं, आणि काही सुचत नसलं की हात तिथेच जातो.

शेडमधल्या एक्स्चेंजवर सगळं झकास चाललं. पण त्या एक्स्चेंजला माणसं नव्हती. मेजरना खऱ्या गावावर एकदा करून पाहायचं होतं. वरून परवानगी आली. शुक्रवारी दुपारी देखभालीच्या नावाखाली प्रोग्राम एका खेड्यातल्या एक्स्चेंजमध्ये घालायचा, रविवारी दुपारी लोक झोपलेले असताना थोडा वेळ जागा करून पाहायचा आणि काढून घ्यायचा. गाव निवडलं मेजरनीच. यंत्र त्याच जातीचं, रस्त्यापासून आत, फोन थोडे.

"बेलवाडी," ते म्हणाले.

तेव्हा जयमालाने सांगायला हवं होतं. सर, तिथे माझं सासर आहे. एवढं एक वाक्य. मेजरनी दुसरं गाव घेतलं असतं, किंवा तिच्याऐवजी दुसऱ्या कुणाला धाडलं असतं. दुसऱ्याला धाडतील, यालाच ती भ्याली. चाचण्यांपायी तिचे मागचे सगळे रविवार गेले होते. शुक्रवारी निदान गावाच्या हवेत तरी उभं राहता येईल, एवढाच लोभ. ती गप्प बसली.

बेलवाडीचं एक्स्चेंज म्हणजे ग्रामपंचायतीमागची एक खोली. जीप मागच्या बाजूने लावली. जयमालाने डोक्याला स्कार्फ गुंडाळला होता, डोळ्यांवर गॉगल होता, आणि नाना तिला म्हणाले होते की बाई, आता तुम्ही पिक्चरमधल्या स्मगलरची बायको दिसता. काम सोपं होतं. नानांनी झाकण उघडलं, तिने प्रोग्राम आत घातला, तो बसला की नाही ते पाहिलं, झाकण लावलं. ऊसतोड सुरू झाली होती, गाव अर्धं रानात होतं. कुणी फिरकलं नाही.

बाहेर आल्यावर तिला भिंतीवरून बौद्धवाड्याची कडेची घरं दिसली. सासरच्या घराच्या मागच्या दोरीवर धुणं वाळत होतं. सोपानमामांचं धोतर, आत्याचं लुगडं आणि त्याच्या पलीकडे पिवळं झबलं. हे झबलं तिनेच कापड बाजारातून घेऊन पाठवलं होतं. मोठं होईल म्हणून आत्या कुरकुरली होती. आता ते दोरीवर नीट बसल्यासारखं दिसत होतं. कुठलंसं पोर खोकत होतं, खोकता खोकता रडत होतं. तिचं असेल, नसेल. एवढ्या अंतरावरून लेकराचं रडणं ओळखता येईल अशी तिची समजूत होती. ओळखता आलं नाही.

"बसा," नाना म्हणाले. ते जीपमध्ये बसले होते. त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि का कुणास ठाऊक, विनोद केला नाही.

त्या संध्याकाळी केडगावात फोन वाजला. दोन रिंगा. बंद. पुन्हा दोन. बंद. जयमाला फरशीवर बसून मेथी निवडत होती. तिने डोळे मिटून घेतले. खोकणारं पोर आपलं नव्हतं तर, तिला वाटलं. आणि आपलं असलं तरी आत्या आहे. त्या रात्री तिला गाढ झोप लागली.

शनिवारी ती लवकर खोलीवर आली. चहा करून प्यायली, दिवा लावला, फोनपाशी बसली. अंधार झाला. खाली कडूबाईंच्या नातवंडांची जेवणं झाली, भांडी घासायचा आवाज आला, तोही थांबला. फोन वाजला नाही.

उशीर होतो कधी कधी. वीज गेली की गिरणी बंद असते. दळणाची गर्दी असली की श्रीमंत म्हणतो, थांब काकू. तिने स्वतःला असं बरंच समजावलं. मग चपला पायात सारल्या आणि पुणे रस्त्यावरच्या एसटीडी बूथवर गेली. काचेच्या खोक्यात उभी राहून गिरणीचा नंबर फिरवला. पलीकडे रिंग जात राहिली. श्रीमंतची गिरणी आणि गिऱ्हाइकाच्या वेळेला फोन उचलत नाही, हे शक्यच नव्हतं. शेजारच्या दुकानदाराचा नंबर तिला पाठ होता. तोही वाजत राहिला. ग्रामपंचायतीचाही वाजत राहिला.

"उचलत नाहीत, बाई," बूथवाला कनवाळूपणाने म्हणाला. "घरात नसतील."

जयमालाने रिसीव्हर खाली ठेवला नाही. तो तसाच हातात धरून ती काचेतून रस्त्यावरचे ट्रक पाहत राहिली. हे वाक्य तिचं होतं. शेडमध्ये बसून, शब्दन्‌शब्द असाच, तिने माणसाच्या तोंडी घातलेला होता.

आणि मग तिला काल संध्याकाळ आठवली. दोन रिंगा, पुन्हा दोन. पिठाने माखलेलं बोट. 'दाब.' मित्राने दाबलं, आणि एक्स्चेंजच्या पोटात झोपलेलं ते दुसरं लेकरू जागं झालं. कालची खुशाली हीच त्या गावातून बाहेर वाजलेली शेवटची घंटा होती.

तिने पैसे दिले आणि बाहेर येऊन उभी राहिली. खरं तर काही बिघडलं नव्हतं. बेलवाडीत कुणाला काही कळलेलंच नसणार. आत्यानेही आज दिवेलागणीला फोन लावला असेल, कानात रिंगा ऐकल्या असतील, नातीला दाबायला लावलं असेल आणि पोहोचलं म्हणून समाधानाने घरी गेली असेल. उद्या दुपारी मेजर खूण देतील. प्रोग्राम आधीच जागा असल्याचं त्यांना उमगणारही नाही. चाचणी यशस्वी. मग त्याला झोपवतील, काढून घेतील आणि सगळं पूर्वीसारखं होईल. तिने फक्त एक रात्र गप्प राहायचं होतं. गप्प राहणं तर तिच्या नोकरीचाच भाग होता.

पण ते खोकणारं पोर तिच्या कानातून जाईना. आत्याने आज दोन रिंगा देऊन तोडलं की न तोडता वाजवतच ठेवलं, हे तिला कळायला मार्ग नव्हता. या क्षणीसुद्धा ती म्हातारी पिठाच्या ढिगाशी उभी राहून, तापलेलं लेकरू खांद्यावर टाकून, उचल गं, उचल गं, म्हणत असेल. आणि श्रीमंत म्हणत असेल, उचलत न्हाई काकू.

तिने भिंगारची रिक्षा केली.

मेजर थापर जेवायला बसत होते. त्यांच्या बायकोने तिला बसवलं, पाणी दिलं. जयमालाने उभ्यानेच सांगितलं, प्रोग्राम कालच जागा झालाय. मेजरनी विचारलं, कशावरून? तक्रार आली का? तिने नकारार्थी मान हलवली. तक्रार येणार नाहीच, सर, म्हणाली. मग तुम्हाला कसं कळलं?

तिने सगळं सांगितलं. बेलवाडी, सासर, ऑफिसच्या फोनवर वाजणारी खुशाली. सांगताना तिच्या लक्षात आलं की लग्न झाल्यापासून आपण आपल्या घराबद्दल इतकं कुणाशीच बोललो नाही. मेजरनी ताट बाजूला सारलं होतं. त्यांचं बालपण छावण्यांमधून गेलेलं. फोन ऑर्डर्ली लावून देई, बोलायचं तेवढं बोलायचं. वाजवून तोडून टाकायचा फोन त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. घरच्या माणसांनी ठरवलेली ही एक गंमत आहे, असंच ते धरून चालले होते.

"गंमत नाही, सर," जयमाला म्हणाली. "रोज संध्याकाळी निम्मा तालुका हेच करतो. पोचलो म्हणून एक. गाडीवर न्यायला या म्हणून दोन. उचललं की पैसे पडतात."

मेजरनी एकच शब्द विचारला.

"वहाँ?"

"सीमेपलीकडेही उचललं की पैसे पडत असतीलच ना, सर."

मेजरच्या बायकोने भाजीवर झाकण ठेवलं.

मेजर उठले, आतल्या खोलीतल्या फोनवरून त्यांनी ठरलेला नंबर लावला. बेलवाडीत कुणालाच न दिलेला असा तो नंबर होता. त्यावर बाहेरून फोन आला की प्रोग्राम झोपणार होता. ते काही काळ कानाला लावून उभे राहिले, मग रिसीव्हर तिच्यापुढे केला. लावा घरी, म्हणाले.

पहिल्याच रिंगेला श्रीमंतने उचलला. तो तणतणतच होता. कालपासून गावात कुणाचा कुणाला फोन लागेना, त्याच्या राहुरीच्या मेव्हण्याने फोन उचलला नाही म्हणून बायको रुसून बसली, आणि मच्छिंद्र पाटलाने तर सोयरीक मोडायची भाषा केली, असं तो एका दमात बोलून गेला. मग कोण बोलतंय ते त्याला कळलं.

"तू व्हय! अगं, तुजी सासू दिवं लागताच वाजवून गेली की. पोरगी कडेवर हुती. जरा खोकतीया, पर हासत हुती. का गं, वाजला न्हाई का तिकडं?"

"वाजला," जयमाला म्हणाली.

दुसऱ्या दिवशीची चाचणी रद्द झाली. रविवार असूनही ती शेडमध्ये गेली, कारण खूण बदलायची होती. अशी खूण, जी पृथ्वीच्या पाठीवरची कुठलीही आई, बायको, बहीण आपणहून करणार नाही. ती दिवसभर बसली. सुचणाऱ्या प्रत्येक खुणेपाशी तिला कुणीतरी उभं दिसे. एक रिंग, मग तीन. परगावी शिकणारा मुलगा असेल. न बोलता नुसता धरून ठेवलेला फोन. भांडून माहेरी गेलेली असेल. शेवटी तिने आकड्यांची एक लांबलचक रांग लिहिली, ज्यात कुणाचंच काही नव्हतं. मेजरनी ती वाचली. आपल्या माणसाला ही पाठ करायला वेळ लागेल, म्हणाले, पण चालेल. उद्या सकाळी पुढे पाठवू. कुठे, ते त्यांनी सांगितलं नाही आणि तिने विचारलं नाही.

मग ते जरा अवघडून म्हणाले, की झाला प्रकार त्यांना वर कळवावा लागला. जयमालाची नोकरी त्यांनी राखली होती, शब्द टाकून. पण खोलीवरचा फोन उद्या काढून नेतील.

गोरखनाना तिला फाटकापर्यंत सोडायला आले. तिकडे बेलवाडीत जाऊन प्रोग्राम काढून आल्याचं त्यांनी सांगितलं. पुढे काही तरी म्हणायचं म्हणून म्हणाले, पिवळं झबलं आज दोरीवर नव्हतं. अंगात असेल.

नानांना ते झबलं कुणाचं, हे शुक्रवारीच कळलं होतं तर.

खोलीवर येऊन तिने दिवा लावला नाही. फोन कोनाड्यात होता, तो उचलून फरशीवर आणला आणि समोर मांडी घालून बसली. खाली कडूबाई कुणालातरी हाका मारत होत्या.

दोन रिंगा वाजल्या. थांबल्या.

जयमालाने रिसीव्हरवर हात ठेवला. पुन्हा वाजायला लागला तसा पहिली रिंग पुरी व्हायच्या आत तिने उचलला.

पलीकडे गिरणीचा पट्टा घरघरत होता. कुणीच बोललं नाही. उचललेल्या फोनचं काय करायचं ते भामाबाईला ठाऊक नव्हतं.

"आत्या, मी."

"का गं उचललास? काय झालं? मह्यंद्राचं काय पत्तर..."

"त्यांचं बरं आहे. सगळं बरं आहे."

"मग कशापायी उचललास?"

"उद्यापासून वाजवू नका, आत्या. इथला फोन काढून नेणार आहेत."

पट्टा घरघरत राहिला. मग भामाबाईने आवाज अगदी खाली आणून विचारलं, "आमचं काय चुकलं का? लई येळा वाजवला म्हनून?"

"नाही हो. तुमचं काही नाही चुकलं."

"मग पोरगी जेवली का न्हाई, ते तुला कसं कळंल?"

कॅम्पातल्या बोर्डावर कुणीतरी ऐकत असणार, हे जयमालाला माहीत होतं. त्यालाही या प्रश्नाचं उत्तर माहीत नसावं.

"पुढच्या रविवारी येते मी. आता नक्की येते," ती म्हणाली. "तिला द्या जरा."

खुडबुड झाली. भामाबाई लांबून म्हणत होती, बोल, आई हाय, बोल की. मग श्वास ऐकू आला. चोंदलेल्या नाकाचा, कानाशी अगदी जवळ, फोनच्या जाळीवर आदळणारा श्वास. आत जाताना बारीक शिट्टी वाजत होती. जयमालाने स्वतःचा श्वास धरून ठेवला, त्यात हा बुडू नये म्हणून.

"मित्रा," ती म्हणाली. "मित्रा, माझी बाय."

श्वास थांबला. मित्रा ऐकत होती. या फोनमधून आजवर फक्त रिंग ऐकू आलेली, आवाज कधी आला नव्हता. तिला तो ओळखीचा वाटला की नाही, कोण जाणे. ती ऐकत राहिली, आणि मग रोज जे काम तिचं होतं ते तिने केलं. बटण दाबलं.

जयमाला रिसीव्हर हातात धरून बसून राहिली. नंतर तो जागेवर ठेवला.

थोड्या वेळाने फोन वाजला. दोन रिंगा. थांबला. पुन्हा दोन.

तिने उचलला नाही.